पालघरचा आराखडा पालघरने करावा

सूर्या नदीवरचे धामणी धरण शेतीसाठी बांधले गेले. डहाणू, विक्रमगड आणि पालघर या तालुक्यांतल्या चौदा हजार हेक्टरांहून अधिक जमिनीला कालव्यांनी पाणी मिळावे, पावसाच्या एका पिकावर जगणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला दुसरे पीक घेता यावे, हा त्या प्रकल्पाचा मूळ हेतू होता. आज त्याच धरणावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे एमएमआरडीएची, दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना उभी आहे. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरला असा वाटा ठरला. मिरा-भाईंदर तर पालघर जिल्ह्यातही नाही, ते ठाणे जिल्ह्यात येते. वसई-विरारची आणि मिरा-भाईंदरची तहान खोटी नाही. वर्षानुवर्षे टँकरचे पाणी विकत घेणारी माणसे तिथेही राहतात, आणि त्यांना पाणी मिळाले याचे वाईट वाटण्याचे काही कारण नाही. पण शेतीला किती पाणी राहिले, कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते कधी पोहोचणार आणि शहराला दिलेल्या पाण्याच्या बदल्यात तालुक्याला काय मिळणार, हे प्रश्न ज्या एका ठिकाणी मांडून, मोजून निकाली निघायला हवे होते, तिथे ते कधी आलेच नाहीत. शेतकऱ्यांना ते मोर्च्यांतून आणि निवेदनांतून विचारावे लागले.

पूर्वेकडे मोखाड्यात गेले तर हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. या तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. २०१४ पासून ते मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देते. त्याच मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात आणि बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ मुंबईसाठीच आणखी ४४० दशलक्ष लिटरचे गारगाई धरण प्रस्तावित आहे. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या पाण्यावर जलसंपदा विभागाचा एक हिशोब आहे, एमएमआरडीएचा दुसरा, मुंबई महापालिकेचा तिसरा, आणि गावोगावच्या नळयोजनांपुरता जिल्हा परिषदेचा चौथा. प्रत्येक कागद आपापल्या जागी नियमाला धरून असेल. चारही कागद एका टेबलावर ठेवून बेरीज-वजाबाकी करण्याचे बंधन मात्र कुणीच पाळत नाही.

हे बंधन संविधानाने घातलेले आहे, आणि त्याचाच आपल्याला विसर पडला आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेडडी आणला. प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी, तिने पंचायतींनी आणि नगरपालिकांनी केलेल्या योजना एकत्र कराव्यात आणि संपूर्ण जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार करावा, असे तो सांगतो. त्या मसुद्यात कशाचा विचार व्हावा हेही त्यात लिहिले आहे: पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, जमिनीच्या वापराचे नियोजन, पाण्याचे आणि इतर नैसर्गिक साधनांचे वाटप, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास आणि पर्यावरणाचे रक्षण. सूर्याच्या पाण्याचा प्रश्न याहून नेमक्या शब्दांत मांडता आला नसता. समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, तेही ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पालघरच्या सुमारे २९ लाख ९० हजार लोकसंख्येपैकी १२ लाखांहून अधिक एकट्या वसई-विरार महापालिकेत राहतात, आणि जिल्ह्यातल्या दर शंभरांत सदतीस जण अनुसूचित जमातींचे आहेत. शहर आणि पाडा यांना समोरासमोर बसवून त्यांच्यातला व्यवहार ठरवणारी जागा जर कुठल्या जिल्ह्याला हवी असेल, तर ती या जिल्ह्याला.

महाराष्ट्राने १९९८ मध्ये जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा केला. त्यात पालकमंत्री अध्यक्ष झाले, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव झाले आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष नुसते सदस्य राहिले. अध्यक्ष कसा निवडावा हे संविधानाने राज्यांवर सोडले आहे, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. परिणाम मात्र बघावा. २०२० नंतर पालघरला लाभलेले पालकमंत्री मालेगाव, डोंबिवली आणि ऐरोली या मतदारसंघांतून निवडून आलेले होते. त्यांच्या क्षमतेविषयी इथे काही म्हणायचे नाही. पण पालघरच्या आराखड्याचे अध्यक्षपद अशा व्यक्तीकडे असते, जिला पालघरचा एकही मतदार मत देत नाही आणि पाडूही शकत नाही. शिवाय मंत्री ज्या सरकारचा भाग असतो, त्याच सरकारची प्राधिकरणे जिल्ह्याचे पाणी आणि जमीन मागत असतात. अशा अध्यक्षाने जिल्ह्याच्या बाजूने आपल्याच सरकारला प्रश्न विचारावा ही अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

समितीचे प्रत्यक्ष कामही आराखड्याचे राहिलेले नाही. राज्य सरकार दरवर्षी जिल्ह्याला खर्चाची कमाल मर्यादा कळवते. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना अशा तीन भागांत, ठरलेल्या लेखाशीर्षांखाली ती रक्कम बसवायची, त्याला जिल्हा वार्षिक योजना म्हणायचे आणि नियोजन भवनातल्या बैठकीत मंजूर करायचे. मग कामांच्या याद्या, आमदार-खासदारांची शिफारसपत्रे, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, आणि मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून होणारी धावपळ. बैठकीत भांडण होते ते कुणाच्या गटाला किती रस्ते मिळाले आणि कुणाचा सभामंडप राहिला यावर. गावपातळीवर 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात २०१५-१६ पासून ग्रामपंचायती आपले आराखडे करतात, ते पोर्टलवर चढवतात. ते आराखडे एकत्र होऊन जिल्ह्याचे चित्र बनावे ही घटनेची मूळ कल्पना. व्यवहारात गावाचा आराखडा वित्त आयोगाच्या निधीपुरता उरतो आणि जिल्ह्याची योजना मंत्रालयातून आलेल्या मर्यादेपुरती. दोन्ही कागदांची गाठ पडतच नाही.

यात भर पडली ती प्रशासक राजवटीची. वसई-विरार महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. पालघर जिल्हा परिषदेची मुदत २०२५ च्या सुरुवातीला संपून तिथेही प्रशासक आले. राज्यभर हेच चित्र होते. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश द्यावा लागला, आणि तीही मुदत पाळली गेली नाही. ज्या समितीचे चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या संस्थांतून यायचे, त्या संस्थाच अस्तित्वात नसतील तर समितीत उरते कोण? पालकमंत्री, अधिकारी आणि नामनिर्देशित सदस्य. या काळात राज्यातल्या जिल्हा नियोजन समित्यांच्या बैठका थांबल्या नाहीत आणि वार्षिक योजनाही मंजूर होत राहिल्या. लोकप्रतिनिधींशिवाय काही अडले नाही, याचा अर्थ त्यांची गरज नव्हती असा काढला जाईल, ही मला खरी भीती वाटते. अडले नाही, कारण अडावे असे काही त्या समितीकडे ठेवलेच नव्हते.

आता जे ठरते आहे त्याचा आकार बघू. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. प्रकल्पाचा खर्च ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. जिल्हा वार्षिक योजनेचा आकडा काही शे कोटींचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे जिल्ह्याचे भवितव्य कुठे ठरते आहे ते कळते. याशिवाय बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्थानके, मालवाहतुकीचा समर्पित रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच जिल्ह्यातून जातात. तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. पालघरच्या जिल्हा मुख्यालयाचे नवे नगर सिडकोने उभारले. एमएमआरडीएची हद्द वाढत पालघर तालुक्यापर्यंत आली. बंदर व्हावे की न व्हावे, हा वाद मी इथे घेत नाही. ते झाले तर लाखो माणसे कामासाठी येतील असे सरकारच सांगते. ती राहतील कुठे, त्यांच्या पाण्याची सोय सूर्यातून होणार की आणखी कुठून, त्यांचे सांडपाणी कोणत्या खाडीत जाणार, सातपाटी आणि डहाणूच्या मच्छीमारांची मासळी कुठल्या बंदरात उतरणार, पाचवी अनुसूची लागू असलेल्या गावांत जमिनीच्या व्यवहारांवर लक्ष कोण ठेवणार? बंदराच्या अहवालात बंदरापुरती उत्तरे असतील. जिल्ह्याची उत्तरे जिल्ह्याच्या आराखड्यातच मिळू शकतात, आणि तसा आराखडा आज नाही.

निवडून आलेली नियोजन संस्था जागेवर नसते तेव्हा काय होते, याचा डहाणूइतका बोलका दाखला दुसरा नाही. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि उद्योगांसाठीच्या जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते अनेक वर्षे निष्ठेने चालवले. चिकू बागायती, आदिवासींची शेती आणि किनारा आज जेवढा शाबूत आहे, त्यात या प्राधिकरणाचा मोठा वाटा आहे. १९९८ मध्ये त्याने वाढवणचे बंदर नाकारले. २०२३ मध्ये, वेगळ्या रचनेतल्या त्याच प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली. पहिला निर्णय बरोबर की दुसरा, यावर मतभेद होतील. पण दोन्ही वेळा किनाऱ्यावरच्या माणसाला आपले म्हणणे मांडण्यासाठी वकील आणि न्यायालय गाठावे लागले. बंदराविरोधात ठराव करणाऱ्या ग्रामसभांना त्या ठरावांचे पुढे काय झाले, हे विचारायला जिल्ह्यात एकही निवडून आलेली जागा नव्हती. तज्ज्ञांचे प्राधिकरण चांगले असले तर नशीब, नसले तर इलाज नाही, अशी ही स्थिती आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो राष्ट्रीय प्रकल्पांचा. जिल्ह्याला विचारत बसलो तर देशाची बंदरे आणि रेल्वेमार्ग होणार कसे? आक्षेप गंभीर आहे, पण तो भलत्याच मागणीवर आहे. जिल्हा नियोजन समितीला नकाराधिकार संविधानाने दिलेला नाही आणि मीही तो मागत नाही. समितीने मसुदा करायचा आणि अध्यक्षांनी तो राज्य सरकारकडे पाठवायचा, एवढेच अनुच्छेदात आहे. मागणी इतकीच की बंदर, धरण, महामार्ग यांची जिल्ह्यावर पडणारी मागणी आराखड्यात नोंदली जावी, त्यासमोर जिल्ह्याची गरज मांडली जावी आणि राज्य सरकारने ती गरज बाजूला ठेवली तर का ठेवली याचे लेखी कारण द्यावे. प्रकल्प रखडतात ते प्रश्न आधी विचारल्यामुळे नाही. ते उशिरा, न्यायालयात आणि रस्त्यावर विचारले जातात म्हणून रखडतात. वाढवणचा इतिहास तीन दशकांचा आहे. त्यातली किती वर्षे एका खुल्या चर्चेने वाचली असती, याचा विचार बंदराच्या समर्थकांनीच करावा.

दुसरा आक्षेप लोकप्रतिनिधींच्याच वकुबावर आहे, आणि तो सुशिक्षित वाचकाला चटकन पटतो. पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांपलीकडे ज्यांची नजर जात नाही, ते भूजल आणि भूवापराचे नियोजन काय करणार? यातला खरा भाग नाकारता येत नाही. टक्केवारी आहे, ठेकेदारी आहे, घराणी आहेत. पण माणूस जे ठरवण्याचा अधिकार हाती असतो, त्यावरच भांडतो. गटातल्या रस्त्यापलीकडे काहीच ठरवायला दिले नाही तर तो रस्त्यावरच भांडणार. महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही या शंकेच्या विरुद्ध आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा त्यांना शाळा, दवाखाने, रस्ते, शेती यांचे खरे अधिकार मिळाले आणि त्यांतून प्रशासन समजणारी नेत्यांची एक पिढी तयार झाली. अगदी अलीकडचे उदाहरण पेसा क्षेत्राचे, म्हणजे पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागाचे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींकडे जातो आणि तो कशावर खर्चावा हे ग्रामसभा ठरवते. सगळीकडे तो उत्तम खर्च झाला असे नाही. पण ज्या गावांत ग्रामसभा नीट बसते तिथे वनोपज, पाणी, अंगणवाडी यांवर चर्चा होते, कारण चर्चेतून काही निघणार हे लोकांना ठाऊक असते.

केरळने हा प्रश्न १९९६ मध्ये हाती घेतला. राज्याच्या योजनाखर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले आणि लोकयोजना मोहीम सुरू झाली. तिथे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षाकडे असते. सदस्यांना तांत्रिक ज्ञान नाही ही अडचण तिथेही होती. त्यावर निवृत्त अभियंते, प्राध्यापक, कृषी अधिकारी यांचे स्वयंसेवी तांत्रिक दल उभे केले गेले आणि त्यांनी पंचायतींचे प्रकल्प तपासून दिले. केरळमध्येही कामे विखुरली, पक्षीय ओढाताण झाली, आणि गावांच्या योजनांमधून एकसंध जिल्हा आराखडा काढणे त्यांनाही सहज जमले नाही. म्हणून तिथले सगळे जसेच्या तसे उचलावे असे नाही. पण निवडून आलेल्यांकडे अधिकार आणि जाणकारांकडे साहाय्य ही विभागणी चालू शकते, हे त्यांनी दाखवले. मुंबईपासून दीड-दोन तासांवरच्या पालघरला अभियंते आणि नगररचनाकार मिळणार नाहीत, असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

राज्य सरकारलाही जिल्हा हेच नियोजनाचे खरे एकक आहे हे मान्य झालेले दिसते. 'मित्र' या राज्य सरकारच्या सल्लागार संस्थेच्या पुढाकाराने गेल्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांचे विकास आराखडे करून घेतले जात आहेत. त्यात उत्पन्नवाढीची उद्दिष्टे आहेत, उद्योग-पर्यटनाच्या संधी आहेत. हे काम चुकीचे नाही. पण ते जिल्हाधिकारी कार्यालये आणि सल्लागारांच्या हातून होते आहे, आणि त्यात जिल्ह्याच्या सकल उत्पन्नाचा आकडा जितका ठळक आहे, तितका मोखाड्याच्या पाड्यावरच्या पाण्याचा नाही. जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाने १९९२-९३ मध्ये सगळा महाराष्ट्र हादरला होता. वसई-विरारची वाढ आणि जव्हारची उपासमार एकाच सरासरीत मिसळली की जिल्हा प्रगत दिसू लागतो. ही सरासरी मोडून तालुकावार बोलणारा माणूस आराखड्याच्या टेबलाशी हवा, आणि तो तालुक्याने निवडलेला हवा.

त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. १९९८ च्या राज्य कायद्यात बदल करून जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे समितीचे अध्यक्षपद द्यावे. पालकमंत्र्यांनी समितीचा मसुदा मंत्रिमंडळापुढे मांडण्याची जबाबदारी घ्यावी, ती भूमिका त्यांना अधिक शोभेल. समितीला पाच वर्षांचा, नकाशासह आराखडा करण्याचे बंधन घालावे आणि वार्षिक योजना त्यातूनच काढावी. जिल्हा नियोजन कार्यालयात आज प्रामुख्याने निधीचा हिशोब ठेवणारे कर्मचारी आहेत, तिथे नगररचना, जलविज्ञान आणि पर्यावरण जाणणारी माणसे नेमावीत. आणि जिल्ह्याबाहेर पाणी नेणाऱ्या किंवा जिल्ह्यात जमीन घेणाऱ्या प्रत्येक प्राधिकरणाने, मग ती एमएमआरडीए असो, सिडको असो वा मुंबई महापालिका, आपली मागणी मंजुरीपूर्वी समितीपुढे मांडणे सक्तीचे करावे. मुदत ठरवून द्या, सहा महिने पुरेत. त्यात समितीने उत्तर दिले नाही तर प्रकल्प पुढे जाऊ द्या. म्हणजे विलंबाची तक्रारही राहणार नाही.

गारगाई धरण अजून बांधले गेलेले नाही. निवडून आलेले सदस्य जिल्हा नियोजन समितीत बसतील तेव्हा त्यांनी पहिल्याच बैठकीत वैतरणा, सूर्या आणि गारगाई या तिन्ही खोऱ्यांचा एकत्रित पाणी-हिशोब मागावा: धरणात साठते किती, मुंबईला, वसई-विरारला आणि मिरा-भाईंदरला जाते किती, कालव्यातून शेतापर्यंत पोहोचते किती, आणि वाडा, जव्हार, मोखाड्यातल्या कोणकोणत्या पाड्यांना ते कोणत्या वर्षापर्यंत नळाने मिळेल. हा हिशोब मांडण्यासाठी त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. संविधानाने तो मागण्याचा अधिकार त्यांना १९९३ मध्येच दिला आहे.